आवाज कुठपर्यंत येतोय?

पूर्ण बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करणं त्यामानाने सोपं. फ्यूज उडालेला असतो, वायर तुटलेली असते, नाहीतर पेटी उघडताच जळकट वास येतो. कारण आपण होऊन समोर येतं. जीव खातं ते मधूनच गप्प होणारं यंत्र. दुकानात नेलं की नीट वाजतं, दुकानदार आपल्याकडे बघतो, आपण ते पिशवीत घालून घरी आणतो आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

आमच्या घरचा संगणकाचा जुना स्पीकर संच गेल्या उन्हाळ्यात असा वागायला लागला. काळ्या पेटीतला एक वूफर आणि दोन बाजूंना ठेवायचे दोन छोटे स्पीकर, बाजारात ज्याला टू पॉइंट वन म्हणतात तो प्रकार. तास-दीड तास व्यवस्थित चाले. मग दोन्ही छोटे स्पीकर एकदमच क्षीण होत आणि थोड्या वेळाने गप्प. समोरचा दिवा लागलेलाच असे. टेबलावर थाप मारली की आवाज परत येई, आणि परत जाई. वूफर मात्र एकदाही बंद पडला नाही. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा शोध तिथून सुरू झाला.

संच २००४ सालचा. तेव्हाही आमच्याकडे संगणक घ्यायचा म्हणजे सिडकोतल्या कॅनॉटच्या बाजारात जायचं. पेंटियम फोर, सतरा इंची जाडजूड मॉनिटर आणि त्यासोबत हे स्पीकर, असा संसार रिक्षातून घरी आला. पुढची काही वर्षं भारनियमनाची होती. वीज आली की आधी पाण्याची मोटार, मग संगणक. मुलाचा अभ्यास, त्याचे खेळ, एका सीडीवर दीडशे गाणी मावतात याचं नवल, हे सगळं त्या पेटीने पाहिलं. संगणक तीनदा बदलला. स्पीकर तेच राहिले, कारण ते कधी कुरकुरले नाहीत.

मुलगा आता पुण्यात असतो. फोनवर म्हणाला, "आई, टाकून दे ना. दीड हजारात ब्लूटूथ स्पीकर मिळतो, मी इथून पाठवतो." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण घरात सासूबाई आहेत आणि त्यांच्याकडे एक कॅसेट आहे.

सासूबाईंचं माहेर माजलगावकडचं. त्यांची थोरली बहीण, सगळ्यांची अक्का, जात्यावर बसली की तासभर थांबायची नाही. १९८९ साली एका भाच्याने टेपरेकॉर्डर जात्याशेजारी ठेवून तिच्या ओव्या भरून घेतल्या. अक्का जाऊनही बरीच वर्षं झाली. ती कॅसेट फितीला बुरशी लागण्याआधी मी संगणकावर उतरवून घेतली, म्हणून ती राहिली. माजलगावच्याच भीमनगरात १९९६ मध्ये हेमा राईरकर आणि गी पोइतवँ यांच्या पुण्याच्या गटाने बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. गावोगावी फिरून या मंडळींनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आमची कॅसेट त्या संग्रहात नाही. ती एका घरापुरती आहे, म्हणून ती वाजती ठेवण्याची जबाबदारीही एका घराचीच.

स्पीकर आजारी पडल्यावर मी ती फाइल फोनवर लावून दिली. सासूबाईंनी दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाल्या, "अक्का म्हणतीय खरी, पण ह्याच्यात जातं कुठाय गं?"

जातं नव्हतंच. फोनमधल्या स्पीकरचा पडदा नखाएवढा. खालच्या पट्टीतला आवाज काढायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि एवढ्याशा पडद्याला ते जमत नाही. काहीशे हर्ट्झच्या खालचं सगळं तिथे गळून पडतं. डग्गा गळतो, पखवाजाची धूम गळते, दगडावर दगड फिरण्याची घरघर गळते. माणसाचा आवाज तरतो, कारण मूळ स्वर गेला तरी त्याचे वरचे पूरक स्वर शिल्लक असतात आणि त्यांच्यावरून आपला मेंदू खालचा स्वर मनाने भरून काढतो. जात्याच्या घरघरीला ठरलेला स्वरच नाही, तेव्हा मेंदू भरणार काय? फोनवर फक्त बाई उरते. ओवी तर जात्याच्या फेऱ्यावर बांधलेली. फेरा ऐकू आला नाही की ती मधेच का थांबली, मधेच का लांबवली, हे कळत नाही.

मग स्पीकर सुरू केले. ते वाजले, आणि सवयीप्रमाणे थोड्या वेळाने दोन्ही छोटे गप्प झाले. वूफर चालू होता. आता खोलीत जातं फिरत होतं, अगदी जमिनीतून यावं तसं, आणि अक्काच्या आवाजाची फक्त दबलेली गुणगुण. "आता जातं हाय," सासूबाई म्हणाल्या, "तर म्हणणारी कुठं गेली?"

त्याच दिवशी मी पेटी खोलायची ठरवली.

इलेक्ट्रॉनिक्स मी उस्मानपुऱ्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनात शिकले. नोकरी वेगळ्या कामाची केली, पण सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर घरात कायम राहिले. वूफरच्या पाठीमागच्या पत्र्याचे स्क्रू काढले आणि पत्रा बाहेर ओढला. त्यालाच ट्रान्सफॉर्मर आणि बोर्ड जडवलेले. आत आमच्या भागातली बारीक काळसर धूळ, कोळ्याची जाळी आणि कोपऱ्यात पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं. वूफरच्या पेटीला खालचे स्वर भरदार यावेत म्हणून गोल भोक असतं, त्यातून पाल आत गेली असणार. कंडेन्सरांच्या बुडाशी कारखान्यात लावलेला गोंद होता. मुळात पिवळा असतो, उष्णतेने तो तपकिरी होत जातो. हा गोंद जुना झाला की वीज थोडी थोडी वाहू द्यायला लागतो आणि पायांना गंजवतो, म्हणून तो आधी खरवडून काढला. धूळ रंगाच्या जुन्या ब्रशने झाडली. एवढं होईपर्यंत कशालाच हात लावायचा नाही, हा माझा नेम आहे. घाणीत दोष दिसत नाही.

आता शोधायचं कसं? आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याच्या दिवशी गल्लीत एकच प्रश्न या ओट्यावरून त्या ओट्यावर जातो: कुठपर्यंत आलं? कोपऱ्यावरच्या घरात आलं आणि आपल्याकडे नाही, तर दोष मधल्या तुकड्यात. कोपऱ्यावरही नाही, तर व्हॉल्व्ह अजून उघडायचाय. शेजारणीच्या नळाला आलंय आणि दोघींची लाइन एकाच फाट्यावरून फुटते, तर फाट्यापर्यंत सगळं ठीक, बघायचं ते आपल्या बाजूला. इथल्या बायकांना हे तर्कशास्त्र कुणी शिकवलेलं नाही, त्या प्रत्येक पाण्याच्या दिवशी ते वापरतात. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे आजचं आमचं शहर, वसवली तेव्हा डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींनी गावात आणलं, आणि नहरीला ठिकठिकाणी माणूस आत उतरू शकेल अशी तोंडं ठेवली. पाणी अडलं तर सगळी नहर उकरायला नको. एक तोंड सोडून पुढच्यात उतरायचं, पाणी आहे का बघायचं. चारशे वर्षं उलटून गेली तरी त्या नहरींचे काही भाग अजून वाहतात. मला वाटतं त्याचं अर्धं श्रेय बांधकामाला आणि अर्धं त्या तोंडांना.

स्पीकर संचात आवाजाचीही अशीच वाट असते. संगणकाकडून आलेली अगदी क्षीण वीज आधी आवाजाच्या बटणापाशी येते. तिथून ४५५८ नावाच्या आठ पायांच्या आयसीत ती जराशी मोठी होते. मग वाट फुटते. एक फाटा खालचे स्वर तेवढे गाळून वूफरच्या अॅम्प्लिफायरकडे, दुसरा दोन छोट्या स्पीकरांच्या दोन अॅम्प्लिफायरांकडे. आमच्या संचात तिन्ही ठिकाणी टीडीए २०३० हीच पाच पायांची आयसी आहे. या आयसीने कितीतरी स्वस्त संचांचा भार वाहिला आहे. वूफर चालू राहतो म्हणजे फाट्यापर्यंतचं सगळं निर्दोष: ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, बटण, ४५५८, सगळं. अर्धा बोर्ड न तपासताच बाजूला पडला.

उरलेला अर्धा मागून पुढे तपासायचा. आधी स्पीकर. दीड व्होल्टचा सेल घेऊन त्याची दोन टोकं स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवली की "टक" आवाज होतो आणि कागदी कोन पुढे उडी मारतो. दोन्ही स्पीकरांनी मारली. ही उडी बघायला मला आजही आवडतं. चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी, गुंडाळीला चिकटवलेला कोन, वीज आली की गुंडाळी सरकते आणि कोन हवेला ढकलतो. जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली हा स्पीकर ज्या रूपात मांडला, त्या रूपात शंभर वर्षांत मूलभूत फरक पडलेला नाही. चुंबक सुधारले, कोन सुधारले, तत्त्व तेच. म्हणून स्पीकर सहसा मरत नाही. आपण टाकून देतो ती त्याच्या मागची वाट.

मग अॅम्प्लिफायरच्या आत जाण्याच्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं, बोट त्याच्या धातूला टेकवून. आपल्या अंगावर घरातल्या तारांतून पन्नास हर्ट्झची वीज सतत उतरत असते, ती अॅम्प्लिफायर मोठी करतो आणि स्पीकर "भुर्र" करतो. जुने रेडिओवाले हीच चाचणी बोटाने करत. भुर्र आला. म्हणजे अॅम्प्लिफायरही जिवंत. बोर्ड तापून आवाज गेल्यावर मीटर लावून पाहिलं, तर मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटपर्यंत, जिथे छोट्या स्पीकरांच्या पिना जातात तिथपर्यंत, विजेचं चढउतार पोचत होतं. पाणी नळाच्या तोंडापर्यंत आलेलं, आणि बादली कोरडी.

या टप्प्यावर मी पैठण गेटला गेले. एरवी तिथे मोबाइलची दुकानं खांद्याला खांदा लावून आहेत, काच बदलून मिळेल, बॅटरी बदलून मिळेल. पण एका गाळ्याच्या टोकाशी एक काका अजून टीव्ही आणि अॅम्प्लिफायर घेऊन बसतात. उमेदीची वर्षं त्यांनी चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात टीव्हीच्या लाइनवर काढली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, त्याच्या आधीच ते बाहेर पडले होते. तिथे शिकलेली, हाताला वळण लागलेली अशी माणसं या शहरात अजून भेटतात, आणि शहराने त्यांना हवं तेवढं वापरून घेतलं नाही असं मला मनापासून वाटतं. कितीतरी मुलं हाताशी बसून शिकली असती.

मी काकांना कंडेन्सर मागितले आणि बोलता बोलता दोष सांगितला. त्यांनी एकच विचारलं.

"मॅडम, सिनेमाचं गाणं लावलं तर काय होतंय?"

ते मी बघितलेलं होतं. म्हटलं, "गाणारा जातो. वाद्यं लांबून, पोकळ अशी येत राहतात."

"आणि त्या कॅसेटमधलं?"

"त्यातलं काहीच येत नाही."

"मग कॉमन गेलाय. हेडफोनच्या सॉकेटचा बघा. बोर्ड बदलायचा नाही." आणि ते पुन्हा आपल्या टीव्हीकडे वळले.

घरी येईपर्यंत रिक्षात मी तेच घोळवत होते, आणि जसजसं उलगडत गेलं तसतसा आनंद होत गेला. नळाची उपमा इथे संपते. पाणी येतं आणि बादलीत राहतं. वीज येते ती परत जाण्यासाठी येते. परतीची वाट बंद झाली की ती येतही नाही. दोन्ही छोट्या स्पीकरांना आत येणारी वाट वेगवेगळी, पण परतीची वाट दोघांना मिळून एकच असते. तिलाच काका कॉमन म्हणतात. ती तुटली की डाव्याची वीज परत जायला उजव्याच्या वाटेने निघते आणि उजव्याची डाव्याच्या. समोरासमोर आलेली वीज दोन्हीकडे सारखीच असेल तर कुणीच हलत नाही. फरक असेल तेवढाच काय तो वाहतो. स्टिरिओ गाण्यात गाणारा मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्हीकडे तंतोतंत सारखा. तो पूर्ण पुसला जातो. सतार थोडी डावीकडे, व्हायोलिनं थोडी उजवीकडे, त्यांचा फरक उरतो आणि पोकळ वाजत राहतो. अक्काची कॅसेट तर एकाच माइकवर, मोनो टेपरेकॉर्डरवर भरलेली. तिचा डावा आणि उजवा मुळातच एक. फरक शून्य, म्हणून आवाज शून्य. वूफरला स्वतःची परतीची वाट वेगळी, म्हणून जातं फिरत राहिलं.

एक प्रश्न विचारून काकांनी एवढं सगळं ओळखलं होतं. याला मी विद्या म्हणते. कॉलेजात आम्हाला हे समीकरणाने शिकवलं होतं, पण कुठल्या वेळी कुठलं गाणं लावून बघायचं हे समीकरणात नव्हतं.

हेडफोनचं सॉकेट संचाच्या पुढच्या बाजूला आहे, आणि छोट्या स्पीकरांची परतीची वाट त्याच्यातूनच जाते. वीस वर्षांत मुलाने त्यात किती वेळा पिन खुपसली असेल. दर वेळी सॉकेट थोडं मागे ढकललं जातं आणि तो दाब सगळा बोर्डावरच्या सोल्डरच्या डागांवर येतो. भिंगाखाली बोर्ड धरला, दिवा तिरपा केला. मधल्या पायाभोवती केसाएवढं काळं वर्तुळ. बाकी पायांवरचं सोल्डर उतरतं आणि चकचकीत, याचं मात्र पायाला धरून बसलेलं एक बेट आणि बोर्डाला धरून बसलेलं दुसरं, मधे ती फट. दुरुस्तीवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात. थंड असताना दोन्ही कडा टेकलेल्या राहतात. बोर्ड तापला, धातू प्रसरण पावला की सुटतात. थाप मारली की पुन्हा टेकतात. उन्हाळ्यात दोष वाढला तो यामुळे. प्लास्टिकच्या पेनच्या टोकाने त्या पायाला हलकेच दाबलं की अक्का येई, सोडलं की जाई.

जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढलं. वरून नवा थेंब टाकला तर जुन्यातली घाण आत तशीच राहते आणि महिन्याभरात पुन्हा तेच होतं. पाय घासून उजळ केला, थोडं फ्लक्स लावलं आणि साठ-चाळीसचं सोल्डर दिलं, म्हणजे साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं. ते १८३ अंशांना वितळायला लागतं आणि छान पसरतं. युरोपने जुलै २००६ पासून नव्या विजेच्या वस्तूंत शिशावर बंधनं आणली, त्यानंतर बिनशिशाचं सोल्डर रूढ झालं. त्याला २१७ अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि जोड जरा कडक होतो. विषारी शिसं जायलाच हवं होतं, त्याबद्दल माझं दुमत नाही. घरी काम करताना खिडकी उघडी ठेवावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. आमचा संच शिशाच्या काळातला, म्हणून त्याला त्याच्याच जातीचं सोल्डर दिलं. शिवाय त्या पायापासून मुख्य ग्राउंडपर्यंत एक जाडशी तार वेगळी ओढली. पुन्हा कधी पिनेने डाग हलला तरी परतीची वाट राहील.

पेटी उघडीच होती म्हणून मोठे कंडेन्सरही बदलले. त्यांच्यावर लिहिलेलं असतं ते लोक वाचत नाहीत: १०५ अंश किंवा ८५ अंश. त्या तापमानाला तो किती तास टिकेल हे कारखाना सांगतो, साधारण हजार-दोन हजार तास, आणि दर दहा अंश कमी झाले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. समजा कंडेन्सर १०५ अंशांचा, दोन हजार तासांचा आहे आणि पेटीच्या आत ६५ अंश आहेत. तर चाळीस अंशांच्या फरकाने चारदा दुप्पट, म्हणजे बत्तीस हजार तास. अखंड चालू ठेवला तर साडेतीन वर्षांहून थोडं जास्त. तोच ८५ अंशांचा, हजार तासांचा घेतला तर चार हजार तास, साडेपाच महिने. दोघांच्या किमतीत फरक काही रुपयांचा. मराठवाड्यात मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशीच्या वर असतो, बंद पेटीत त्याहून जास्त. इथे ८५ अंशांचा कंडेन्सर विकणं आणि घेणं दोन्ही बंद व्हायला हवं. बटण बंद केलं तरी कित्येक संचांत ट्रान्सफॉर्मर आतून तापतच असतो, म्हणून रात्री भिंतीवरचं बटणही बंद करावं.

संध्याकाळी पेटी मिटवून फाइल लावली. सासूबाई आधी काही बोलल्या नाहीत. मग अक्काच्या पुढे एक ओळ म्हणू लागल्या, आणि फेरा पूर्ण झाला तिथे दोघी एकदम थांबल्या. त्या फाइलवर आता त्या रोज दुपारी बसतात.

मला बोलायचं आहे ते नहरीच्या तोंडांबद्दल. पूर्वी रेडिओच्या, टीव्हीच्या मागच्या झाकणाच्या आत त्याचा नकाशा चिकटवलेला असे. कुठली वीज कुठून येते, कुठे किती व्होल्ट असायला हवेत, सगळं छापलेलं. बनवणाऱ्याने गृहीतच धरलेलं असे की हे कधीतरी बिघडणार आणि कुणीतरी उघडणार. आमच्या संचात नकाशा नव्हता, पण स्क्रू तरी होते. आज मिळतात त्या ब्लूटूथ स्पीकरांपैकी कित्येक पेट्या गोंदाने मिटवलेल्या असतात. उघडायचं म्हणजे फोडायचं. आत बॅटरी असते, ती काही वर्षांत म्हातारी होणारच, आणि तिच्यासोबत चांगला स्पीकर, चांगलं चुंबक, चांगला अॅम्प्लिफायर कचऱ्यात जातो. माणूस उतरेल असं तोंडच ठेवलेलं नाही. मलिक अंबराच्या गवंड्यांना जे कळत होतं ते आजच्या बनवणाऱ्यांना कळत नाही असं मी म्हणणार नाही. त्यांना ते नको आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांत जुन्या वस्तूंचं पुनर्चक्रण होईल याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दोन्ही चांगलंच आहे. पण पुनर्चक्रण म्हणजे वितळवणं. वाजणारा स्पीकर वितळवून त्यातलं तांबं काढणं हा त्याचा शेवटचा उपयोग असावा, पहिला नव्हे. आणि हक्क कागदावर मिळाला तरी काकांसारखा माणूस गल्लीत नसेल तर तो बजावायचा कुणाकडे? आपल्या आयटीआयमध्ये, तंत्रनिकेतनांत मुलांना दुरुस्ती हा विषय स्वतंत्रपणे शिकवला पाहिजे, आणि शिकवायला अशा काकांना मानधन देऊन बोलावलं पाहिजे. त्यांना पदवी नाही म्हणून अडवू नये. हाताखालून गेलेले हजारो टीव्ही हीच त्यांची पदवी आहे.

तुमच्या घरी माळ्यावर असा एखादा संच पडून असेल तर भंगारात घालण्याआधी एकदा खाली काढा. प्लग भिंतीतून उपसून ठेवा आणि कंडेन्सर रिकामे व्हायला पाच-दहा मिनिटं द्या. ट्रान्सफॉर्मरच्या ज्या बाजूला २३० व्होल्टची तार येते तिला सवय नसेल तर हात लावू नका, ते जाणकाराकडे सोपवा. हेडफोनच्या सॉकेटमध्ये पिन चार-सहा वेळा घालून काढा. आतले पत्रे काळवंडल्यामुळेही आवाज जातो, आणि कधी कधी एवढ्यानेच परत येतो. नाहीच आला तर एखादं जुनं गाणं लावून गाणारा कुठे जातो ते ऐका आणि दुरुस्तीवाल्याला तेच शब्दशः सांगा. काही बदललंत तर पेटीच्या आतल्या बाजूला तारीख आणि काय बदललं ते लिहून ठेवा. पुढे उघडणाऱ्याचं काम सोपं होईल.